दाणे गप्प झाले की उतरव

कुंदा, जमलं गं! अर्धा किलो शेंगदाणे, एकही करपला नाही, एकही कच्चा राहिला नाही, आणि हे सगळं मी नाकाला कपड्यांचा चिमटा लावून केलंय! हसू नकोस. लाकडी चिमटा आहे, तुझ्याच दोरीवरचा. नाकाचा शेंडा अजून लालभडक आहे, तरी आधी तुला सांगायला बसले. चिमटा का लावला ते सांगतेच. पण मला सगळं ओळीने सांगू दे, नाहीतर मी नेहमीसारखी मधूनच सुरू करीन आणि तू म्हणशील, "नले, आधी श्वास घे."

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. भटवाडीतल्या या दुसऱ्या मजल्यावर आपली दारं शेजारीशेजारी, मध्ये एकच भिंत. नऊ वर्षं आपण त्या भिंतीच्या दोन बाजूंना एकच काम करत आलो. रविवारी सकाळी आठवड्याचे दाणे भाजायचे. कुटासाठी, पोह्यांसाठी, उपासाच्या खिचडीसाठी, आणि मुलांनी येता-जाता डब्यात हात घालावा म्हणून. आणि त्या नऊ वर्षांत एका रविवारीही आपलं एकमत झालं नाही.

भांडण साधंच होतं. दाणे झाले हे ओळखायचं कसं? मी म्हणायचे, नाकाने. खमंग वास सुटला की उतरवायचे. मला आईने असंच शिकवलं आणि तिला तिच्या आईने. तू म्हणायचीस, कानाने. "आधी दाणे गप्प असतात गं. मग तडतड बोलायला लागतात. बोलायला लागले की आच बारीक कर. आणि गप्प झाले की उतरव. वासाची वाट बघत बसलीस तर उशीर होतो. कढई तापलेली असते, खाली ठेवली तरी ते आत भाजतच राहतात."

"दाणे काय रेडिओ आहेत कान लावून ऐकायला?" मी म्हणायचे.

तू मात्र खरंच कान लावायचीस. डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली, हातातला कालथा एका लयीत फिरत असायचा. कुणी बोलायला आलं तर डावा हात वर करून थांबवायचीस. मला ते बघून हसू यायचं आणि रागही यायचा, कारण तुझे दाणे माझ्या दाण्यांपेक्षा चांगले व्हायचे. हे मी आज पहिल्यांदा कबूल करते आहे, नीट ऐकून घे. तुझ्या दाण्याची सालं चिमटीत नुसती फिरवली की सुटायची. आतला दाणा सगळीकडून सारखा, कुठे काळा ठिपका नाही. माझ्या डब्यात चार काळे, चार पांढरे असायचेच, आणि मी ते गुपचूप कुटात ढकलायचे.

भाजून झाले की तू वाटीत मूठभर गरम दाणे घेऊन माझ्या दारात यायचीस. न चुकता. वाटी माझ्या नाकाखाली धरायचीस आणि विचारायचीस, "बघ गं, वास कसा येतोय?"

मी म्हणायचे, "बरा आहे." कधी म्हणायचे, "ठीक." फारच सुंदर असला तर, "चालेल." मला वाटायचं, ही आपला तोरा मिरवायला येते. मग मी कशाला जास्त बोलू? तू जरा वेळ उभी राहायचीस, अजून काही ऐकायचं असल्यासारखी, आणि मग वाटी माझ्या हातात देऊन जायचीस.

तुझी ती बाराही महिने असलेली सर्दी आठवते का? "नलू, दूध लागलंय का बघ ना, मला सर्दी झालीय." "नलू, हे दही जास्त आंबलंय का गं, माझं नाक बंद आहे." मी तुला बाम दिला, ओव्याची पुरचुंडी दिली, वाफारा घ्यायला लावला. तू सगळं निमूटपणे घेतलंस. एकदा माझ्या भावाने गावाहून सोनचाफा आणला. मी तुझ्या ओंजळीत चार फुलं टाकली. बाकी बायका ती नाकाला लावून डोळे मिटून उभ्या राहिल्या असत्या. तू म्हणालीस, "काय रंग आहे गं!" मला वाटलं, या बाईला फुलातलं काही कळत नाही.

आणि गॅस! कुंदा, त्या गॅसवरून मी तुझ्याशी महिनाभर नीट बोलले नव्हते. अख्खी बिल्डिंग वर्षानुवर्षं नंबराची वाट बघत होती. माझा नंबर लागला तेव्हा मी सिलिंडरला हळदकुंकू लावलं होतं. आणि तुझा नंबर लागल्याचं कार्ड आलं तर तू चक्क नको म्हणून सांगितलंस! रेशनच्या रांगेत उभं राहून रॉकेल आणायला तयार, स्टोव्हच्या वाती कातरायला तयार, पण गॅस नको. मी तुझ्या स्वयंपाकघरात येऊन ओरडले होते, "वेड लागलंय का तुला? लोक वशिला शोधत फिरतायत!"

तू वात खाली करत म्हणालीस, "गॅसची आच दाण्यांना चावते गं. स्टोव्हवर कसे शांतपणे भाजतात."

दाण्यांसाठी गॅस सोडला! मी हे गॅलरीभर सांगत सुटले. भावोजींनाही म्हटलं, बायकोला जरा समजवा. ते नुसते हसले. मला वाटलं, बायकोपुढे यांचं काही चालत नाही.

पण आपण मजाही केली ना गं. खाऱ्या दाण्यांचं आठवतं? स्टेशनकडच्या भट्टीवरचे खारे दाणे मुलांना फार आवडायचे, तर आपण ठरवलं की हे घरीच करायचे. दोघी भट्टीवर जाऊन उभ्या राहिलो. भट्टीवाला तापलेल्या वाळूत दाणे घोळवत होता आणि तू भर रस्त्यात डोळे मिटून उभी! मी लाजेने दुसरीकडे बघत होते. तू एकदम म्हणालीस, "आता काढा," आणि त्याच क्षणी त्याने झारा घातला. त्याने वळून बघितलं. पुढच्या घाण्यालाही तू बरोबर सांगितलंस, त्याच्या पुढच्यालाही. तेव्हा तो हसत म्हणाला, "बाई, तुम इधर बैठो, मैं घर जाता!" परतताना तू इतकी खूश होतीस की चालताना उड्या मारत होतीस.

मात्र घरी आल्यावर तुझी वाट लागली. आपण दाणे मिठाच्या पाण्यात भिजवले, गॅलरीत फडक्यावर पसरून वाळवले आणि कढईत जाडं मीठ घालून त्यात टाकले. झालं! मीठच तडतडायला लागलं. मिठाचे खडे उडतायत, दाणे तडकतायत, कोणाचा आवाज कोणता ते कळेना. तू कढईवर कान नेतेस आणि मीठ तुझ्या गालावर! मी पोट धरून हसत होते. शेवटी माझ्या नाकाने सांगितलं, उतरव, आणि ते दाणे वाचले. त्या दिवशी मी जिंकले म्हणून बिल्डिंगभर खारे दाणे वाटले. पण तू सोडशील तर शपथ. पुढच्या रविवारी तू आधी नुसतं मीठ तापवलंस, ते तडतडून गप्प होईपर्यंत ढवळत राहिलीस. "आधी मिठाला बोलून घेऊ दे," म्हणालीस, "मग दाण्यांचं ऐकू." आणि दाणे असे झाले, असे झाले, की भट्टीवाल्यानेही मान डोलवली असती. मी म्हणाले, "चालेल."

आता सव्वीस जानेवारीच्या पूजेचं सांगते. ते सांगायला जीभ जड होतेय, पण त्यासाठीच तर चिमटा लावला. दरवर्षी बिल्डिंगच्या सत्यनारायणाला चिवडा आपला असायचा. त्या वर्षी पाच किलो दाणे होते. तुझ्या दारात तुझा स्टोव्ह, माझ्या दारात माझी गॅसची शेगडी, मोठ्या कढया, बायका कडेने पोहे निवडत बसलेल्या. आणि कोपऱ्यातल्या परबकाकूंनी नेमके तेव्हाच सुके बोंबील भाजायला काढले. उद्या पूजा, म्हणून आजच उरकून घेत होत्या. गॅलरीत बोंबलांच्या वासाशिवाय दुसरं काही उरलं नाही. मी कढई ढवळतेय, नाक फुलवतेय, दाण्यांचा वास काही सापडत नाही. धूर दिसला तेव्हा मी म्हटलं, "काकू, तुमचे बोंबील जळतायत बघा!"

काकू म्हणाल्या, "माझे बोंबील नाय गो, तुझे दाणे जळतत!"

दीड किलो दाणे काळेठिक्कर. बायका हसायला लागल्या. आणि तुझ्या कढईतले दाणे सोन्यासारखे. तू टोमणा मारला नाहीस. उठून माझ्या जळक्या कढईखालची आच बंद केलीस आणि म्हणालीस, "राहू दे गं, उरलेले मी भाजते." तेच मला झोंबलं. सगळ्यांसमोर मी मोठ्याने म्हणाले, "तू भाजणारच. तुला कुठे कसला वास येतो? देवाने तुला नाक दिलंय ते फक्त चमकी घालायला!"

बायका खो खो हसल्या. तूही हसलीस, सगळ्यांत मोठ्याने. चमकीवर बोट ठेवून म्हणालीस, "चमकी तरी शोभतेय ना?" आणि संध्याकाळपर्यंत एकटीने सगळे दाणे भाजलेस. पूजा झाली, चिवड्याची तारीफ झाली, मी ती निम्मी स्वतःकडे घेतली. पुढच्या रविवारी तू वाटी घेऊन दारात हजर. "बघ गं, वास कसा येतोय?" मी म्हणाले, "ठीक." माफी मागायचं मनात आलं होतं, खोटं नाही सांगत. पण एवढ्याशा चेष्टेची काय माफी मागायची, असं वाटून राहून गेलं.

परवा सकाळी मी भावोजींना चहा घेऊन गेले. ते स्टोव्हमध्ये रॉकेल ओतत बसले होते, अर्धं बाहेर सांडत होतं. मला म्हणाले, "नलूवहिनी, आता गॅससाठी परत नाव घालतो. आता काय अडचण आहे? मला वास येतो."

मला कळेना. "म्हणजे?" मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे कुंदाला येत नव्हता ना. गॅस सुटला तर मला कळणार नाही, पोरं घरात असतात, म्हणायची. म्हणून तर नको म्हणाली." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, तुम्हाला तरी सांगितलं असेल. तुमच्याकडेच तर यायची विचारायला."

सात वर्षांची असताना तुला विषमज्वर झाला आणि उठलीस ती वास हरवूनच उठलीस, असं त्यांनी सांगितलं. लग्न ठरताना तुझ्या आईने बजावलं होतं, हे कुठे बोलायचं नाही, मुलीत खोड आहे म्हणतील. भावोजींना तू लग्नानंतर महिन्याभराने घाबरत घाबरत सांगितलंस, आणि ते म्हणाले, "एवढंच ना?" पण तुझ्या मनातली भीती गेली नाही. एक फणसाचा वास तेवढा आठवतो म्हणायचीस. बाकी काही नाही.

मी चहाचा कप तिथेच ठेवून घरी आले आणि दार लावून घेतलं. आधी कोणाचा राग आला, सांगू? तुझाच! नऊ वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलीस, माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझ्या उशाशी बसलीस, माझ्या नवऱ्याची गाऱ्हाणी ऐकलीस, आणि एवढी गोष्ट मला सांगता आली नाही? मी काय गावभर सांगितली असती? मग आठवलं, गॅसचं मी गावभरच सांगितलं होतं. चमकीचंही चार बायकांत बोलले होते. तू कोणत्या तोंडाने मला सांगणार होतीस? नंतर राग कुठे गेला कळलं नाही, नुसतं रडू आलं. मग रडता रडता मला एक गोष्ट लख्ख दिसली आणि मी ताडकन उठून बसले. कुंदा, तू थापा मारत नव्हतीस! तू नाकाला टाळून कानावर आली नव्हतीस, तुझ्याकडे नाक नव्हतंच, आणि तरी तू माझ्याहून सरस होतीस! सातव्या वर्षापासून एकटीने, कुणी न शिकवता, तू कान घडवलेस. आणि मी त्याला वेड म्हणत राहिले.

म्हणून आज रविवारी मी ठरवलं, आपलं भांडण मिटवायचं. तेही तुझ्या नियमाने. भावोजींकडून तुझा वातीचा स्टोव्ह आणि तुझी बिडाची कढई मागून आणली. दोरीवरचा चिमटा काढला आणि नाकाला लावला. गॅलरीत बसले, तू बसायचीस तिथेच.

सुरुवातीला काहीच कळेना गं. नुसती कालथ्याची खरखर. मला इतकी धास्ती वाटत होती! दोनदा हात चिमट्याकडे गेला. नाक बंद असलं की आंधळ्यासारखं वाटतं. तू दर रविवारी असंच बसायचीस? डोळे मिटले, मान कलती केली. आणि मग एक तडका आला. एकच. मग दुसरा. मग सगळी कढई बोलायला लागली, आणि माझ्या छातीत अशी धडधड सुरू झाली की आवाज कोणता दाण्यांचा आणि कोणता माझा तेच समजेना. मी वात खाली केली. तेवढ्यात परबकाकू आल्या. "गो नले, तुझ्या नाकाक काय झाला?"

"गप काकू, दाणे बोलतायत!" मी ओरडले. डावा हात आपोआप वर गेला होता, तुझ्यासारखा.

काकू खरंच गप्प उभ्या राहिल्या. तडतड कमी होत गेली. आणि कालथ्याचा आवाज बदलला, कुंदा! आधी दाणे कढईत ओले असल्यासारखे बद्द वाजत होते, ते कोरडे खुळखुळायला लागले. हे तू कधी सांगितलं नव्हतंस. की सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नव्हतं? मग एक शेवटचा तडका, आणि शांत. आत कुणीतरी म्हणत होतं, अजून एक मिनिट ठेव. ती जुनी नलू होती. मी कढई उचलली आणि दाणे परातीत ओतले. ओतल्यावरही ते बारीक कुरकुरत होते, तू म्हणायचीस तसेच, आत भाजत होते.

गार व्हायला थांबलेच नाही, बोटं पोळून घेतली. सालं चिमटीत फिरवली, सुटली. दाणा फोडला. दुसरा फोडला. दहा फोडले. काकूंना दहा फोडायला लावले. सगळे सारखे! मी इतक्या मोठ्याने ओरडले की भावोजी बाहेर आले. त्यांच्या हातावर मूठभर ठेवले. ते खाल्ले नाहीत, नुसती मूठ मिटून उभे राहिले.

तू जिंकलीस, कुंदा. माझं नाक हरलं, आणि मला या हरण्याचा आनंद होतोय. चमकीचं मी बोलले त्याची माफी मागते. सगळ्यांसमोर बोलले होते, तर आज काकूंसमोर आणि भावोजींसमोर तीच गोष्ट सांगून मागितली.

मग मी चिमटा काढला.

आणि आता मला कळतंय, तू दर रविवारी वाटी घेऊन का यायचीस. तोरा मिरवायला नव्हे. तुझ्या हातून काय झालंय ते तुला कुणीतरी सांगावं म्हणून. आणि मी नऊ वर्षं बरा, ठीक आणि चालेल, एवढंच म्हणत राहिले.

तर ऐक. फणस तुला आठवतो ना? तो कसा लांबूनच अंगावर धावून येतो, तसा हा येत नाही. हा हळूच येतो. आधी नुसती ऊब येते, चुलीपासून जरा लांब बसल्यावर लागते तशी. मग तोंडाला पाणी सुटतं आणि भूक नसली तरी भूक लागते. मग दुपारी दार न वाजवता कुणी आत यावं आणि ते आपलंच माणूस निघावं, तसं वाटतं. अख्ख्या गॅलरीत पसरलाय आत्ता. काकूंच्या दारापर्यंत गेलाय. तुझ्या घरातही गेला असेल.

कसा येतोय, विचारायचीस ना? छान येतोय गं. फार छान येतोय.